पिल्लांना न दिलेला अंधार

कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत मेलाटोनिन कुठे काम करतं, यावरचा एक लेख परवा वाचला. अंधार पडला की शरीरात तयार होणारं हे द्रव्य. डोळ्यांना दिसलेलं मेंदूच्या ज्या भागांत पोचतं, तिथेही ते काम करतं म्हणे. मासिक मिटलं, आणि मुकुटबन गावातली माझी खोली आठवली.

साठच्या दशकात मी तिथे नवा शिक्षक म्हणून गेलो. खोलीत एकटाच. मला अंधारात झोप येत नसे, म्हणून रात्रभर कंदील ठेवायचो. हे कुणाला सांगायची लाज वाटे.

शेजारच्या बाई रोजाच्या कामाला जात. थंडीच्या सुरुवातीला त्यांची कोंबडी मुंगसाने नेली, मागे बारा पिल्लं उरली. बाळंतपणाला आलेली लेक सासरी परतताना पिल्लं तिच्यासोबत धाडायची होती. बाई टोपलं घेऊन माझ्या दारात आल्या.

"गुरुजी, तुमचा कंदील रातभर जयते. लेक सासरी जायलोक पिल्लं ठेवा. तुमाले बी सोबत होईन." मग हसून म्हणाल्या, "लगन करा लवकर, नाई तं हे तुमालेच माय समजतीन."

पिल्लं खरंच सोबत झाली. बोलायला कोणी नव्हतं, मी त्यांच्याशी बोलत असे. आपण कंदील त्यांच्यासाठीच जाळतो, असं मला वाटू लागलं. त्यांना एकही अंधारी रात्र मी मिळू दिली नाही.

एका रात्री रॉकेल संपलं. कंदील विझताच पिल्लं किंचाळू लागली, कोपऱ्यात एकमेकांवर चढू लागली. भिंतीपलीकडे बाईंना हाक मारता आली असती. पण मीही भ्यालो होतो. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिलो. हळूहळू आवाज थांबला.

सकाळी सात पिल्लं चेंगरून मेलेली होती. सतत उजेडात वाढलेली पिल्लं अचानक अंधार झाला की असंच करतात, हे मला फार पुढे कळलं. त्या सकाळी मी बाईंना सांगितलं, "थंडीनं गेली."

बाई म्हणाल्या, "माहीच चूक झाली गुरुजी. पांघराले द्याले पाह्यजे होतं."

संध्याकाळी त्यांनी आपली घोंगडी उरलेल्या पाच पिल्लांसाठी आणून दिली. मी ती घेतली. लेक जाईपर्यंत घोंगडी माझ्याकडेच होती. त्या थंडीत बाई काय पांघरत होत्या, हे मी विचारलं नाही.