पाशाचाचानं घासलेलं घंगाळ

स्टीलची भांडी आली अन् मुखेडच्या पाशामियाँचा कलईचा धंदा बसला. तवा वैजनाथ सरांनी त्यांना आपल्या संग्रहालयावर राखणीला ठेवलं. संग्रहालय म्हंजे बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या. गावोगावच्या बायांनी दिलेले हंडे, घंगाळं, पराती तिथं मांडलेल्या. माझ्या आजीचा हंडाबी त्यातच हाय.

मागच्या साली सरांनी देशपातळीवरच्या मान्यतेसाठी अर्ज केला. ती भेटली तर संग्रहालय टिकणार, न्हाई तर खोल्या जाणार. तपासायला उज्ज्वला म्याडम येणार होत्या.

कलईआधी भांडं चकाचक करायचं, हे चाचांच्या हाताचं वळण. म्याडम यायच्या आदल्या राती चिंच अन् राख घेऊन बसले अन् म्होरच्या खोलीतलं काळंभोर घंगाळ नवरीवानी लखलखीत केलं.

सकाळी सर आले अन् उंबऱ्यावरच बसले.

"चाचा, काय केलंत हे! जुन्या वस्तूचा काळेपणा काढायचा नसतो. नियम हाय तसा."

"सर, मेहमान येऊन राहिले अन् काळं भांडं मांडायचं? लोक नावं ठेवतील की!"

"आता गप ऱ्हावा. घंगाळ असंच आलं म्हणून सांगू."

म्याडम आल्या त्या घंगाळापाशीच वाकल्या. "हे कुणी घासलं?"

सर घसा खाकरेपर्यंत चाचा बोलून मोकळे. "म्या घासलं, बाई. सरांचा कसूर न्हाई. मला काढा, पर बायांची भांडी इथून हलवू नका."

म्याडमनी घंगाळ चारी बाजूंनी न्याहाळलं. मंग म्हणल्या, "नुकसान झालंय. आज मान्यता देता येणार नाही. पण वस्तूचं काय झालं ते खरं सांगणं, हाही नियमच आहे. घंगाळाशेजारी तसं लिहा. बाकीची भांडी नीट सांभाळा. मी परत येईन."

चाचांनी त्या दिसापासून मऊ फडक्यानं नुसती धूळ टिपली. हात शिवशिवायचे, पर आवरायचे. म्याडम परत आल्या अन् मान्यता भेटली. सरांनी म्याडमना अन् भांडी देणाऱ्या समद्या बायांना चहाला बोलावलं.

घंगाळ दिलेली साखराबाईबी आली. तिला तोंड दाखवायची चाचांची हिंमत होईना, तरी म्होरं गेले.

"माफ करा, बाई. तुमच्या सासूच्या घंगाळाचा म्या नास केला."

म्हातारीनं घंगाळावरून नजर हलवली न्हाई.

"कशाचा नास, मियाँ? मी नांदाय आले तवा असंच दिसत होतं की ओ. लई बरं केलंत."

"हळू बोला, बाई," चाचा म्हणले, "म्याडम ऐकतील."