सासूबाईंच्या हातचं औषध

धायरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं लेथ मशीन आलं. ते शिकायला माझी निवड झाली आणि त्याच आठवड्यात जुन्या मशीनवरून लोखंडाचा कण उडून माझ्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी तो काढला. "बुबुळावर ओरखडा आहे. दर दोन तासांनी हे थेंब घाला, एकही वेळ चुकवू नका," त्यांनी बजावलं.

पण बाटली जवळ आली की माझा डोळा गच्च मिटायचा आणि निम्मं औषध गालावर ओघळायचं. थेंबांऐवजी डोळ्यात मध घाल, असा सासूबाईंचा पहिल्या दिवसापासून हट्ट होता; शेवटी तो सोडून त्यांनी बाटली हातात घेतली.

"एवढं मोठं मशीन चालवणार म्हणे, आणि थेंबाला घाबरते!" असं म्हणत त्यांनी माझी खालची पापणी ओढली. थेंब बरोबर आत पडला. आठवडाभर त्यांनी एकही वेळ चुकवली नाही.

तपासणीच्या दिवशी मी तक्त्यावरची अगदी शेवटची ओळ न अडखळता वाचली.

"जखम पूर्ण भरली. उद्यापासून कामावर जा, पण गॉगल लावून," डॉक्टर म्हणाले.

मी उडी मारायचीच बाकी होते. सासूबाई खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "डॉक्टर, थेंब मी घातले."