गौरीबरोबर गेलेलं मंगळसूत्र

गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या चौपाटीवर जायचं असेल, तर उपाशीपोटी जावं. मी पोहे खाऊन गेलो होतो आणि पायऱ्या उतरतानाच ते वर येऊ लागले. कुजलेला केवडा, थर्माकोलचे खांब, पाण्याने फुगलेले मोदक आणि या सगळ्यावर गटाराचा वास. बाप्पाची एक सोंड वाळूतून वर आली होती आणि एक गृहस्थ तिच्या शेजारीच थुंकून पुढे वॉकला गेले. आदल्या दिवशी हेच गृहस्थ डोळे पुसत ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणाले असणार.

माझ्या हातात मेटल डिटेक्टर होता आणि सोबत वहिनी. मी माटुंग्याला राहतो. आई, थोरला भाऊ आणि वहिनी लालबागच्या जुन्या खोलीतच आहेत. गणपती-गौर तिथेच. आमची गौर कोकणातल्यासारखी तेरड्याची असते. तेरड्याच्या रोपांची जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. आणि आमच्या घरचा रिवाज असा, की सुनेने आपलं लांब मंगळसूत्र गौरीच्या गळ्यात घालायचं. वहिनीचं मंगळसूत्र आईनेच लग्नात तिच्यासाठी केलेलं. विसर्जनाला निघताना वहिनीने साडी सोडली, मुखवटा काढला, हार काढले. मंगळसूत्र मात्र पानांत गुंतून आत सरकलेलं, ते राहिलं. भावाने जुडी गणपतीसोबत समुद्रात दिली. संध्याकाळी दागिने डब्यात ठेवताना घोटाळा कळला.

आई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “तुझ्या भावान टेम्पो कधी घेतल्यान गो?”

वहिनीच्या भावाने गावाला नुकताच टेम्पो घेतला होता. तो कर्ज काढून घेतला, हे आईला ठाऊक होतं. तरी विचारलं. सोनं गेलं ते गेलंच, पण आता ते सापडलं नाही तर वहिनी त्या घरात जन्मभर चोर ठरणार होती. रात्री तिचा मला फोन आला, “भावजी, तुमचं ते मशीन घेऊन याल?” माझ्या भावाला ऑफिस होतं. भावाला अशा वेळी नेहमीच ऑफिस असतं.

या मशीनला आमच्या घरात झाडू म्हणतात. सुट्टीत कोकणातल्या कोरड्या रेतीत ते फिरवलं की नाणी मिळतात, चाव्या मिळतात, एकदा चांदीचं पैंजण मिळालं. दादरची रेती वेगळी. काळी, ओली, खारी. अशा जमिनीत मशीन जमिनीलाच धातू समजतं आणि कोकलत सुटतं. आधी त्याची खालची गोल थाळी वरखाली हलवून त्याला जमिनीची सवय करावी लागते, मग त्याचा कान कमी करावा लागतो. कान कमी केला की बारीक सोनं ऐकू येत नाही. वाढवला तर सगळंच वाजतं. मूर्तीतल्या तारा, मखराचे खिळे, साडीच्या पिना, बाटल्यांची झाकणं. मी खणत होतो आणि देवाच्या हाडांसारख्या गंजक्या तारा बाहेर काढत होतो. किळसच आली. नुसती घाणीची नाही, आम्हां सगळ्यांची. वर्षभर ज्याच्या नावाने आंघोळ करून कापूर लावतो त्याची ही गत करून आम्ही घरी जाऊन बटाटावडे खातो.

वहिनी मात्र नाक न मुरडता तेरडा वेचत होती. ज्यांची गौर तेरड्याची त्यांच्या जुड्या सारख्याच दिसणार. चिखलातून एकेक जुडी ओढायची, सुतळी सोडायची, काड्या वेगळ्या करायच्या. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी म्हटलं, “वहिनी, हातमोजे आणतो.” ती म्हणाली, “मोज्यांनी मणी लागत नाहीत हाताला.”

भरती चढायला लागली होती तेव्हा एका खड्ड्यात आवाज स्थिर आला. खणलं तर तेरड्याची कुजकी जुडी आणि तिच्या पोटात काळे मणी. वहिनीने गुडघे टेकून ते ओढून काढलं, पाण्यात खळबळलं. सोन्याच्या दोन वाट्या चमकल्या. माझ्या जिवात जीव आला.

ती मात्र बघतच राहिली. “हे माझं नाही,” ती म्हणाली. “माझ्या वाट्या लहान आहेत.”

मी म्हटलं, “आईला कुठे आता नीट दिसतंय? घे आणि चल.”

“भावजी, हे जिचं आहे तिलाही आज घरी कुणीतरी विचारत असेल ना, भावाने काय घेतलं म्हणून.”

मी मशीन बंद केलं. ते मंगळसूत्र आम्ही चौपाटीवरच्या पोलीस चौकीत दिलं. तोवर पाणी खड्ड्यांवरून गेलं होतं आणि शोधायला जमीनच उरली नव्हती.

लालबागला पोचल्यावर मी तोंड उघडायच्या आत वहिनीनेच सगळं सांगितलं. एक सापडलं, पण ते दुसऱ्या कुणाचं होतं, चौकीत देऊन आलो. मला वाटलं, जी बाई हातात आलेलं सोनं परत देते तिच्यावर आता तरी कोणी संशय घेणार नाही.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दुसऱ्याचा गावला, मगे आपलाच कशाक गावूक नाय?”

ऑफिस असलेला भाऊ घरीच होता; मोबाइलमध्ये बघत म्हणाला, “पॉइंट आहे.”

मी खाऱ्या रेतीबद्दल सांगितलं, मशीनचा कान कमी केल्याचं सांगितलं, ओहोटी वस्तू कुठल्या कुठे नेते ते सांगितलं. आईने एक खडा उचलून बाजूला टाकला. जन्मदात्या आईची किळस येणं हे लिहायला वाईट आहे, पण मला आली, आणि ती सकाळच्या किळसेपेक्षा मोठी होती.

वहिनीने काळ्या हातांनी गळ्यातलं रोजचं छोटं मंगळसूत्र काढलं, आईच्या सुपात तांदळावर ठेवलं आणि हात धुवायला मोरीत गेली.