तापात पाहिलेला टीव्ही

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी लोक आपापल्या डब्या कागदात गुंडाळून आणतात आणि नजर चुकवत माझ्या हातात देतात. थुंकी, लघवी, शौच. सोळा वर्षं झाली. त्यामुळे मला किळस येत नाही, असं मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत आले.

मागच्या थंडीत एका शुक्रवारी लॅबमधून निघतानाच अंग कसकसायला लागलं. इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत चांगलाच ताप भरला. दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना, मला, नवऱ्याला आणि मुलाला, येवल्याला लग्नाला जायचं होतं. सकाळी नवऱ्यानं विचारलं, "मी थांबू का?" पण विचारताना त्याच्या पायात बूट होते. मी म्हटलं, "जा तुम्ही. अण्णा आहेत की घरी." तो आणि मुलगा गेले, ते रविवारी संध्याकाळीच परत येणार होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. आमची बेडरूम थंडीत बर्फासारखी होते, म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर अंथरूण टाकलं. समोर टीव्ही, शेजारच्या खुर्चीत अण्णा. एरवी मी दिवसभर लॅबमध्ये असते. घरात दिवसभर काय चालतं, हे मला लग्नानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदाच कळणार होतं.

आधी माझ्या स्वतःच्या शरीरानंच मला नकोसं केलं. उशाशी वाडगं ठेवलं होतं, त्यात हिरवट बेडके साठत होते. उशीला घामाचा आंबूस वास. अण्णांनी खुडबुड करून तांदळाची पेज केली, ती खारट झाली होती आणि तळाला लागली होती. मी ती प्यायले, कारण ते समोर उभे होते.

सकाळी त्यांनी सिनेमा लावला. त्यातला नायक एका मुलीचा कॉलेजपासून घरापर्यंत पाठलाग करत होता. तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि तिसऱ्या गाण्यात ती त्याच्या गळ्यात पडली. मग तिला कोणीतरी पळवून नेलं आणि नायकानं माणसं कापायला सुरुवात केली. एक, दोन, दहा. भिंतींवर, झुंबरावर, त्याच्या दातांवर लालभडक रक्त. मी आयुष्यभर रक्त हाताळलं आहे. ते असं लाल राहत नाही, काळपट होतं, साकळतं. हे बनवणाऱ्यांना माणसाच्या रक्ताची ओळखच नव्हती. अण्णा शांतपणे शेंगदाणे सोलत होते.

"अण्णा, तुम्हाला हे आवडतं?"

"आवडायचं काय त्यात? चालू असतं."

दुपारी त्यांनी बातम्या लावल्या. निफाडकडच्या एका गावात बिबट्यानं मूल उचललं होतं. द्राक्षबागेत कामाला आलेलं जोडपं, सुरगाण्याकडचं. बागेच्या कडेला झोळीत दीड वर्षाची मुलगी झोपवलेली. बाजूलाच ऊस. आई पाणी आणायला गेली होती.

पडद्यावर तीच तीन दृश्यं फिरत होती. रिकामी झोळी, तिच्याभोवती लाल गोल. उसात शिरणारे काठ्या घेतलेले लोक. आणि ती आई. मागे ढोल वाजावेत तसं संगीत. दर दहा मिनिटांनी वॉशिंग पावडरची जाहिरात, तिच्यात एक गुटगुटीत बाळ चिखलात लोळत हसायचं.

आई विशीतली असेल. बांधावर बसली होती, रडत नव्हती. बातमीदारानं तिच्या तोंडासमोर माईक धरला. "ताई, आत्ता तुम्हाला काय वाटतंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिला भूक लागली आसंल."

बातमीदार कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "काळीज पिळवटून टाकणारे हे शब्द!" आणि तेवढ्यात मला दिसलं. तिच्या पोलक्यावर छातीशी दोन ओले डाग होते. मूल अंगावर पिणारं होतं. वेळ झाली होती, पान्हा फुटला होता. तिला त्याचं भान नव्हतं. पदर कुठेतरी पडला होता, आणि कॅमेरा हलत नव्हता.

"अण्णा, बंद करा."

"बघू दे गं. आपल्याच जिल्ह्यातलं आहे." त्यांनी आवाज वाढवला.

परत रिकामी झोळी, परत ऊस, परत ती. "काळीज पिळवटून टाकणारे." मी उठले. डोकं गरगरत होतं. बटण शोधायचंही सुचलं नाही, मी नुसती जाऊन टीव्हीसमोर उभी राहिले.

"बाजूला हो," अण्णा म्हणाले.

मी हलले नाही. या घरात त्यांना मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही, एवढंच म्हणाले, "तिचं दूध गळतंय, अण्णा. ते दाखवतायत सगळ्यांना."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा कसानुसा झाला. त्यांनी रिमोट पुढे करून टीव्ही बंद केला, मांडीवरची टरफलं गोळा केली आणि गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

रविवारी टीव्ही लागलाच नाही. अण्णांनी पेज पुन्हा केली, या वेळी अळणी. दुपारी ते झोपले. ताप उतरला होता, घर सुनं सुनं वाटत होतं. मी मोबाइल हातात घेतला. लॅबचे मेसेज बघायचे, असं ठरवूनच घेतला होता. पण दोन मिनिटांत मी ती बातमी शोधत होते.

सापडली. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून टाकला होता, खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं ठेवली होती. मी बघितला. डाग खरंच दुधाचे आहेत का, हे बघायला चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. ते डाग माझ्या तळहाताएवढे झाले. मग मी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

आत अण्णा खोकले तसा मी फोन उशीखाली ढकलला. चोरी करताना सापडल्यासारखं झालं. त्या वाडग्यातली घाण बरी, असं वाटलं. ती निदान आजारानं आली होती.

संध्याकाळी नवरा आणि मुलगा आले. मुलानं आल्या आल्या मॅचसाठी रिमोट उचलला.

"केबल गेलीय," अण्णा म्हणाले.

"कधीपासून?"

"कालपासून. उद्या माणूस येईल."

अण्णांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मुलगा कुरकुरत आत गेला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, आपलं दोघांचं काही ठरलं असल्यासारखी. माझ्याबद्दल त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते त्याआधी कधी दिसलं नव्हतं. आदरच म्हणायला हवा.

दुपारी फोनवर काय पाहिलं, ते मी त्यांना खरं सांगू शकले असते. त्याऐवजी मी उठून अंथरुणाच्या चादरी काढल्या, बादलीत गरम पाणी आणि डेटॉल ओतलं, आणि बाथरूमचं दार लावून घेऊन बराच वेळ चादरी धूत बसले.