वहिनींची ट्रायल

आमच्या वहिनी बायकांचे कपडे शिवतात, आणि तेही अशांचे, ज्यांना तयार कपडे कधी नीट बसत नाहीत. अकराशेच्या वर गिऱ्हाईकं आहेत. प्रत्येकीची वेगळी फाइल घरच्या कॉम्प्युटरवर, आणि मापांशेजारी वहिनींनी टिपलेल्या बारीकसारीक गोष्टी. पंधरा वर्षांपूर्वी मापांची वही भिजली, तेव्हापासून हे सगळं त्यांनी स्वतः टाइप केलंय, दोन बोटांनी.

यंदा त्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टिम कंपनीने वाऱ्यावर सोडली. पडद्यावर रोज सकाळी इशारा येऊ लागला. दुकानदार म्हणाला, "ताई, यात नवीन बसणार नाही. सरळ नवा कॉम्प्युटर घ्या." वहिनी घरी आल्या, आठवडाभर चष्मा लावून वाचत बसल्या, आणि जुन्या मशीनवर चालणारी एक हलकी, फुकटातली सिस्टिम त्यांनी शोधून काढली. अडचण एकच होती. ती बसवताना आधीचं सगळं पुसलं जातं. मापांची प्रत नीट निघाली नाही, तर अकराशे जणी गेल्या.

इथे मी पुढे सरसावलो. मी त्यांचा धाकटा दीर, खालच्या मजल्यावर राहतो. सव्वीस वर्षं ऑफिसात कॉम्प्युटरपुढे काढली, त्यामुळे या विषयात घरात माझाच शब्द शेवटचा, अशी निदान माझी समजूत. दादा असल्या भानगडीत पडत नाहीत. ते पेपर वाचतात.

रविवारी दुपारी मी पडद्यावरचं 'मापं' नावाचं चित्र उचललं, पेन ड्राइव्हवर टाकलं, तिथूनच उघडून दाखवलं. सगळी नावं हजर.

"झालं. आता बिनधास्त पुसा," मी म्हणालो.

वहिनींच्या गळ्यात टेप, हातात टाचणी. "आणि ट्रायल?"

"आत्ता दाखवलं ते काय होतं?"

"ते याच मशीनवर ना, भावजी? माझ्या टेबलावर सगळेच कपडे छान दिसतात. गिऱ्हाईकाच्या अंगावर घालून बघायला नको?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? "म्हणजे सव्वीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?" असं म्हणालोसुद्धा. वहिनींनी वाद घातला नाही. पेन ड्राइव्ह मुठीत घेऊन त्या जिना उतरल्या. मागोमाग मी, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. 'मापं' काही उघडेना. मी तीनदा दाबलं, तिसऱ्यांदा जरा जोरात. औषधवाला वाकून बघत म्हणाला, "काका, हा शॉर्टकट आहे. फाइली कुठे आहेत तेवढंच याला माहीत. घरच्या मशीनवर त्या होत्या, म्हणून तिथे उघडला."

"म्हणजे भावजींनी बिल्ला आणला," वहिनी म्हणाल्या, "कपडा घरीच राहिला."

औषधवाला खो खो हसला. मी मात्र पेन ड्राइव्ह काढून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी माझं ऐकलं असतं तर?

पुढचं सगळं त्यांनीच केलं. फाइलींचा खरा फोल्डर शोधला, दोन पेन ड्राइव्हवर उतरवला आणि पुन्हा औषधवाल्याकडे जाऊन वरची, मधली, शेवटची फाइल उघडून बघितली. नवी सिस्टिमही आधी न बसवता, तिसऱ्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. "कच्चा टाका घालून बघते," म्हणाल्या. प्रिंटर चालला. मग पडद्यावर प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी खिडकीकडे तोंड केलं. वहिनींनी टाचणी उशीत खोचली आणि बटण दाबलं. चाळीस मिनिटांनी, पेन ड्राइव्हवरून फाइली परत उतरवून, अकराशे जणी आपापल्या जागी होत्या.

सोमवारी मी प्रिंटरची वायर भिंतीकडून वळवून देत होतो, तेव्हा एक बाई कापड घेऊन आल्या. खोलीत आणखी दोन गिऱ्हाईकं बसलेली. बाई कापडाची घडी उलटसुलट करत दारातच घुटमळल्या. वहिनींनी टेपला हात लावला नाही. बाईंची फाइल उघडली, वाचली आणि हळूच विचारलं, "आतला कप्पा डावीकडेच ना? मागच्यासारखा?"

बाई "हो" म्हणाल्या. फक्त हो. कापड टेबलावर ठेवलं आणि हसत निघून गेल्या. त्या दोघींना काही कळलंही नाही. छातीचं ऑपरेशन होऊन आतल्या कप्प्यात पॅड ठेवणाऱ्या बाईला जे चारचौघांत पुन्हा सांगावं लागू नये, ते वहिनींनी एका ओळीत लिहून ठेवलं होतं. आणि मी म्हणालो होतो, बिनधास्त पुसा.

त्या दिवसापासून जो भेटेल त्याला मी सांगतो, आमच्या वहिनींनी कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम स्वतः बसवली. तुम्ही काय केलंत, असं कुणी विचारलंच, तर तेही सांगतो. चूक केली, आणि ती वहिनींनी पकडली.