आठवड्याला एक ओळ

यशवंत गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली, ती माझी पत्नी भागू त्यांच्याशी भांडायला गेली तेव्हा. आमची एकुलती एक मुलगी तापाने गेली होती. मुळशीत नव्यानेच आलेले हे ख्रिस्ती गुरुजी देव म्हणजे बाप असे लोकांना सांगतात, एवढे भागूच्या कानावर आले होते. ती तडक उपासनागृहाच्या पडवीत जाऊन उभी राहिली आणि मी तिला आवरायला मागे.

"द्येव बाप हाय म्हनता न्हवं? मंग माजी पोर का न्हेली त्यानं?"

गुरुजी उठले. त्यांनी तिला पाणी दिले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई." एवढे बोलून ते तिच्याबरोबर रडू लागले. परतताना भागू म्हणाली, "ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. रईवारी जाऊ परत." त्या वाक्यावर आम्ही ख्रिस्ती मंडळीत आलो. मी मात्र निमूट मागे चालणारा.

नवीन माणसांना गुरुजी कसे शिकवीत, हे आज ज्यांची मुलेसुद्धा मंडळीतच जन्मली त्यांना सांगायला हवे. उपासना संपली की पडवीत एकच सतरंजी अंथरली जाई. कुळवाडी असो, धनगर असो, सगळ्यांनी तिच्यावरच बसायचे. कुणाला नारळ कुठे फोडायचा हे विचारायचे असे, कुणाला बोकडाचे. गुरुजी शांतपणे सांगत, "बळी देऊन झाला आहे. प्रभू येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. आता तुम्ही फक्त या." बाप्तिस्मा म्हणजे जुने धुऊन नव्या घरात येणे आणि प्रभुभोजन म्हणजे त्या घरातली पंगत, असे त्यांचे सांगणे असे. प्रार्थनेत डोळे का मिटायचे, हेही त्यांनीच समजावले. माझे डोळे मात्र तेवढ्या वेळात लागून जात, हे मंडळीला ठाऊक आहेच.

त्यांची एक रीत होती. प्रभूने शिकवलेली प्रार्थना ते आठवड्याला एकच ओळ शिकवीत. "जी मनातून येत नाही ती तोंडात घालू नका," असे बजावत. ज्याची ओळ अडे तो तिथेच थांबे आणि त्याचा बाप्तिस्माही थांबे. मी सगळ्या ओळी घडाघडा म्हणून मोकळा झालो. भागू 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीवर अडली.

कारण घरातलेच होते. आम्ही उपासनेला जाऊ लागलो तेव्हा माझ्या धाकट्या भावाने विहिरीवर तिचा हंडा लाथाडला आणि चारचौघींत म्हणाला, "पोर खाल्लीस, आता धरम बी खा." हंड्याचे ती विसरली. पहिले अर्धे वाक्य मात्र तिच्या काळजात रुतून बसले.

पुण्याहून पाळकसाहेब बाप्तिस्मा द्यायला आले, त्या सकाळी गुरुजींनी तिला पुन्हा विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, दिराचं नाव निघालं की माजं दात आवळत्यात. द्येवाम्होरं लबाड कसं बोलू?" गुरुजी म्हणाले, "नको बोलू. आपण थांबू." माझ्या कपाळावर पाणी पडले आणि ती मागे भिंतीला टेकून बघत राहिली.

पाळकसाहेब पुन्हा यायचे ते पावसाळा सरल्यावर. भर पावसात भागूला कावीळ झाली. ओढ्यांना पाणी, पौडाकडचा रस्ता बंद. बाप्तिस्मा देण्याचा अधिकार पाळकांनाच, गुरुजींना नाही. गुरुजींनी निरोपावर निरोप पाठवले. शेवटी भागूने दिराला बोलावून घेतले. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भावजी, झालं गेलं. माज्या मनात आता काय बी न्हाई. तुमच्या पोरांस्नी जपा."

मग तिने गुरुजींकडे पाहिले आणि ती ओळ म्हटली, आणि पुढच्याही. पाळकसाहेब पोहोचायच्या आत ती गेली.

खरे दुःख त्यानंतरचे आहे. मंडळीचे पंच म्हणाले, बाप्तिस्मा नाही, तेव्हा दफनभूमीच्या दगडी गडग्याच्या आत जागा देता येणार नाही. गावकी म्हणाली, "तुमचं तुमी बगा." माझ्या भागूला ना इकडे माती मिळेना, ना तिकडे. ती पडवीत तशीच, त्याच सतरंजीवर. मी नुसता बसून होतो.

गुरुजींचा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला. "ती थांबली ती माझ्या सांगण्यावरून. तिने देवापुढे खोटे बोलायचे नाकारले, आणि मी तिला दाराबाहेर ठेवले. दोष माझा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या पत्नीच्या कबरीशेजारची जागा मंडळीने मला राखून दिली आहे ना? तिथे खणा."

पंच बाजूला झाले. कुदळ घेऊन पहिला पुढे झाला तो माझा भाऊ. त्याला कुणी बोलावले नव्हते.

त्या दिवसापासून गुरुजींनी कुणाला ओळीवर अडवले नाही. आता ते म्हणतात, "म्हणवत नसेल तर नुसते बसा. तुमच्या वाटची आम्ही म्हणू." पुनरुत्थानाच्या सणाला आपण सारे पहाटे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले घेऊन जातो, तेव्हा गुरुजी दोन्ही कबरींवर फुले वाहतात. नवखे कुणी विचारते, ही दुसरी कुणाची? गुरुजी सांगतात, "आपल्या मंडळीतली." माझ्यासाठी तोच तिचा बाप्तिस्मा.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाली. या गौरवअंकातले बाकीचे लेखक त्यांना आयुरारोग्य चिंतितील, आणि ते योग्यच आहे. माझे मागणे जरा स्वार्थी आहे. गुरुजी, आपल्या अर्धांगिनीशेजारी आपण निजायचे, ती जागा माझ्या भागूने घेतली. आता तिथे आपली सोय नाही. म्हणून हात जोडून विनवतो, जायची घाई करू नका. प्रकृतीला जपा, औषध वेळेवर घ्या. रविवारी पडवीत कुणीतरी नवे माणूस येऊन बसेल, आणि त्याला "मला ठाऊक नाही" असे खरे सांगणारे आमच्याकडे दुसरे कोणी नाही.