विश्वनाथाला घरात घ्यावं का?

व्रताचं एक बरं असतं. सोळा सोमवार झाले की उद्यापन करून मोकळं होता येतं. किश्श्यांचं तसं नाही. ते फणसाच्या आठळ्यांसारखे. खाताना बाजूला टाकतो आणि पावसाळ्यात बघावं तर चुलीमागे टोपलीभर साठलेले असतात.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीच्या श्रावणातले हे. साखळीजवळच्या आमच्या गावात, देवीच्या देवळाच्या चौकात रोज दुपारी पोथी वाचायची असा माझा नेम. त्या वर्षी पोथीला वाळवी लागली. नेम मोडायचा कसा? वाचनालयातल्या मास्तरांनी एक जाड कादंबरी हातात ठेवली.

"यात एक बिघडलेला माणूस सुधारतो, वयनी. पोथीत तरी दुसरं काय असतं?"

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी कादंबरी चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पहिलं पान उघडलं.

*

ऐकायला तिघी असत. सर्वांत थोरली गुलाबमावशी, सावंतवाडीकडून सून होऊन आलेली शालन आणि माझ्या शेजारची सुमन.

कादंबरीच्या नायकाचं नाव विश्वनाथ. बायकोमुलीला टाकून जातो, दारू पितो, खोटं बोलतो. गुलाबमावशीला दुपारची डुलकी लागायची, पण विश्वनाथाचं नाव कानावर पडलं की तिचे हात आपोआप जोडले जायचे. 'विश्वनाथ दारू ढोसून गटारात पडला' असं मी वाचलं, तरी हिचा नमस्कार.

"अगो मावशी, तो देव न्हय, बेवडो असा," शालन म्हणाली.

मावशीने हात खाली घेतले नाहीत. "आज गटारात आसा. फाल्यां खंय आसतलो, तुका खबर आसा?"

उद्या तो कुठे असेल, ते शालनला तरी कुठे ठाऊक होतं? मी पान उलटायचं विसरले.

*

ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. घराघरांत कोकणी की मराठी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. धारगळहून माझी भावजय आली होती, तिने चौकात बसल्याबसल्या विषय काढला. "बोलता कोकणीत आणि वाचता मराठीत? एक काय ते ठरवा."

वाचन थांबलं. आता इथेही भांडण पेटणार म्हणून मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं.

गुलाबमावशीने पदराने डोळे पुसले. विश्वनाथाची मुलगी तापाने फणफणली होती, तो भाग चालू होता. "तूं वाच मराठींत," ती मला म्हणाली. "हांव रडटां कोंकणींत."

भावजयीचा तो विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळची बस चुकवून ती अध्याय संपेपर्यंत बसली.

*

अर्ध्या कादंबरीनंतर विश्वनाथाला पश्चात्ताप होतो. तो गावी परततो, पण घरी जायचं धाडस होत नाही, म्हणून देवळाच्या पायऱ्या झाडत राहतो. इथून आमच्यात दोन तट पडले. घरात घ्या म्हणणारी गुलाबमावशी, आणि मुळीच घेऊ नका म्हणणारी शालन. शालनचा नवरा खाणीवर ट्रक चालवतो, भला माणूस आहे. तरी ही विश्वनाथावर अशी चिडायची की जणू तो तिच्याच दारात उभा आहे.

"माणूस सुधारला आहे गो," मी म्हटलं.

"सुधारलो ना? सुधारांदे. पण थंयच रवान सुधारांदे."

तिथेच राहून, म्हणजे देवळाच्या पायरीवर. मी पुढचं पान उलटलं.

*

मी आपली आशेवर जगणारी बाई. विश्वनाथाला सुबुद्धी टिकावी म्हणून मी बुधवार धरला. घरी हे जेवायला बसले, माझं पान नाही.

"आज उपास कुणाचा?"

"विश्वनाथाचा."

"शंकराचा सोमवार असतो ना?"

"हा तो नव्हे. हा पान दोनशे दहावरचा."

यांनी भात कालवायला घेतला. चौकातून वाचून परतल्यावर मी जरा आडवी झाले, तर यांनी चष्मा लावून पुस्तक उघडलेलं. दिवेलागण झाली तरी मान वर नाही. मिटल्यावर एवढंच म्हणाले, "त्या बाईने फार सोसलं."

सव्वीस वर्षांच्या संसारात त्या रात्री पहिल्यांदा यांनी आपलं ताट आपण उचलून मोरीवर नेलं आणि धुतलं. मी पाठ फिरवून उभी राहिले. मी बघते आहे हे कळलं असतं तर ताट हातातून पडलं असतं.

*

आता सुमनचं सांगायला हवं. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी वास्कोला बंदरावर कामाला गेला आणि तिथेच दुसरं बिऱ्हाड करून राहिला. मुलगा पदरात घेऊन ही इथे. त्या आषाढात त्याचं पत्र आलं होतं. आता एकटा आहे, दारू सोडली आहे, चतुर्थीला घरी येऊ का? सुमनने उत्तर धाडलं नव्हतं. हे मला वाचायला सुरुवात झाल्यावर कळलं. आधी कळतं तर ते पुस्तक मी चौरंगावर ठेवलंच नसतं.

आम्ही तावातावाने वाद घालायचो, आणि ती वाती वळत बसायची. शेवटच्या पानावर विश्वनाथ आपल्या घराच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि कादंबरी संपते. दार उघडलं की नाही, लेखकाने लिहिलेलंच नाही. शालन म्हणाली, ह्या लेखकाक चार दिवस संसार करूक लावा. गुलाबमावशी म्हणाली, उघडलं असणारच.

सुमनने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"वयनी, त्या दिवशी तिने काय रांधलं होतं, ते लिहिलंय?"

मी शेवटची चार पानं पुन्हा चाळली. नव्हतं लिहिलेलं.

"एका माणसापुरतं की दोघांपुरतं, एवढं तरी?"

तेही नव्हतं.

"मग दाराचं त्या लेखकाला काय ठाऊक असणार," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.

*

पोथी अर्धवट सोडू नये. शेवट नसलेल्या पोथीचं उद्यापन कसं करायचं? गुलाबमावशीने तोडगा काढला, देवीचा कौल घेऊया. आमच्याकडे ही रीतच आहे. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

नारळ घेऊन आम्ही चौघी गाभाऱ्यासमोर. भटकाकांनी विचारलं, "कुणाचं गाऱ्हाणं?"

"विश्वनाथाचं. त्याला घरात घ्यावं का?"

"गाव? गोत्र?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. शेवटी मीच सांगितलं, पुस्तकातला आहे.

भटकाका रागावतील असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "पुस्तकातल्याला देवी ओळखत नाही गे बायांनो. जिवंत कोण असेल त्याचं नाव सांगा."

सुमन पुढे झाली. आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. सुमनने डोक्यावरचा पदर नीट केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "रामनाथ."

नऊ वर्षांत ते नाव त्या देवळात उच्चारलं गेलं नव्हतं. भटकाकांनी त्याच नावाने गाऱ्हाणं घातलं.

पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. एक घटका गेली, दुसरी गेली. उजवीही पडली नाही आणि डावीही नाही. दिवेलागणीला भटकाकांनी हात जोडले. "देवीनं तुझ्यावरच सोडलंय, बाय."

सुमनने देवीला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पोस्टातून एक कार्ड घेतलं.

*

कार्डावर तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'चतुर्थीच्या आदल्या दिवशी या. माटोळी बांधायची आहे.'

गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानफळं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात, ती आमची माटोळी. बांधायची घरातल्या पुरुषाने. नऊ वर्षं सुमन बांधत होती. ती ठेंगणी, म्हणून वाशाला बांधलेल्या दोऱ्या तिने लांब सोडल्या होत्या, आपला हात पोचेल इतक्या.

मी दूर्वा द्यायला गेले तेव्हा रामनाथ आलेला होता. उंच माणूस, केस पांढरे झालेले. दोघांत काय बोलणं झालं होतं, मला माहीत नाही. तो स्टुलावर चढून दोऱ्या आखूड करत होता, चौकट पूर्वी असायची तिथे वर न्यायला.

सुमन चुलीपाशी होती. मागे वळलीही नाही.

"वयर काडूं नाकात. नव वर्सां ती थंयच आसा."

चौकट वर न्यायची नाही म्हटल्यावर त्याचे हात थांबले. मग त्याने एकेक दोरी पुन्हा खाली सोडली, आणि स्टुलावरून उतरून उभ्यानेच फळं बांधायला लागला.

पाच दिवस गणपती होता. आरतीला, नैवेद्याला, समईत तेल घालायला रामनाथ जितक्या वेळा देवापुढे गेला, तितक्या वेळा त्याला लोंबणाऱ्या घोसांखालून कमरेत वाकून जावं लागलं. सुमन त्याच माटोळीखालून ताठ मानेने ये-जा करत होती.